कॅथलिक मुलाने तोफखान्यात जावं का?

देवळालीकर: भाचा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे धावणं, रविवारी मिस्सा, दोन्ही न चुकता. रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमची तावदानं थरथरतात, त्या आवाजातच वाढलाय पोरगा. जाऊ दे, माझी ना नाही. पण कधी नाही म्हणायचं, हे त्याला कोण शिकवणार? सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात सोय असावी, त्यांनी समाजाची दुसरी सेवा करावी, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्येच म्हटलंय. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वर्गात ऐकलंय का कुणी?

माजी हवालदार: तिथेच पुढे सैनिकांना लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक म्हटलंय, ते का गाळलंत? आपल्याकडे सक्तीची भरती नाही. पटत नसेल तर फॉर्म भरू नका. शपथ घेऊन ऐनवेळी विवेक जागा झाला, तर शेजारचा गनर जिवाला मुकेल.

गंगापूर रोड: फ्रान्झ येगरश्टेटर आठवा. ऑस्ट्रियातला शेतकरी, घरी बायको आणि तीन लहान मुली. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. जखमींची शुश्रूषा करायची तयारी होती, ती कुणी विचारात घेतली नाही. बिशपनेही घरच्यांचा विचार कर म्हणून समजावलं. ९ ऑगस्ट १९४३ ला शिरच्छेद. २००७ मध्ये चर्चने त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. चौसष्ट वर्षं लागली!

माजी हवालदार: हिटलरचं उदाहरण सोपं आहे हो. कारगिलला डोंगरावर चढून बसलेल्यांना काय जपमाळ दाखवायची होती?

जेल रोडवाली: पोप फ्रान्सिस २०२० च्या परिपत्रकात म्हणतात, जुन्या निकषांवर ‘न्याय्य युद्ध’ म्हणणं आता फार अवघड झालंय. मग ती नोकरीच कशाला?

देवळालीकर: ताई, स्वसंरक्षणाचा हक्क चर्चने कधीच काढून घेतलेला नाही. माझा मुद्दा आतल्या माणसाचा आहे. कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक, स्पष्ट सांगतं: निःशस्त्र नागरिक, जखमी, कैदी यांना माणुसकीनेच वागवायचं, तसं न करण्याचा हुकूम हाच गुन्हा, आणि आंधळं आज्ञापालन ही सबब नाही.

माजी हवालदार: एवढ्यापुरतं मान्य. आर्मी ॲक्टमध्येही शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याची. पण अख्खं युद्धच बरोबर की चूक, हे विशीतल्या गनरने तोफेपाशी उभं राहून ठरवायचं, याला माझा हो कधीच नाही.