मदत हवी आहे: अण्णा डायलिसिसला तयार नाहीत

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावजवळचे, द्राक्षबागायतदार. वडिलांना, म्हणजे अण्णांना, जुनी शुगर आहे. त्याने किडन्या खराब झाल्यात; क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) साडेसहाच्या पुढे गेलंय, पाय सुजतात, अन्नावरची वासना उडालीय. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, हाताला फिश्चुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन) आत्ताच करून घ्या, तो तयार व्हायलाच दीड-दोन महिने लागतात. ऐनवेळी मानेतून नळी घालायची पाळी आली तर जंतुसंसर्गाची भीती जास्त.

इकडे आत्याच्या ओळखीच्या वैद्यांनी 'मशीनवर गेला तो कायमचा अडकला' असं अण्णांच्या डोक्यात भरवलंय. करड्या पुड्या देतात, कागदावर ना नाव ना घटक. विचारलं तर म्हणे, भस्म आहे, मधातून घ्या. शुगरवाल्याला मध! आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, आईच्या गुडघ्यांना त्यानेच उतार पडलाय. पण काही भस्मांत पारा, शिसं असतं आणि ते किडनीलाच बाधतं. अण्णांचं एकच, "छाटणी उरकू दे, मग बघू."

पुडीतला पारा-शिसं तपासून देणारी लॅब सांगली-कोल्हापूर भागात कुणाला माहीत आहे का? महात्मा फुले योजनेतून कुणाचं डायलिसिस चालू असेल तर मंजुरीला किती दिवस लागले? आणि आठवड्यातून तीनदा मशीनवर जाऊनही बागेत फिरणारं कुणी असेल, तर अण्णांशी फोनवर दोन शब्द बोलाल का? माझं ते ऐकत नाहीत. घरगुती उपाय मात्र कृपया सुचवू नका, ते सांगायला पाहुणे रोज येतायत.