बागेत कुत्रा पट्ट्यात की मोकळा? तुमचे अनुभव लिहा

अबोली:
आज सकाळी भाच्याला घेऊन महापालिकेच्या बागेत गेले होते. एक लॅब्रॅडॉर, पट्टा नाही, सरळ घसरगुंडीकडे पळत आला. मालक लांबून हात हलवत म्हणाला, "काकू, घाबरू नका, काही करत नाही तो!" भाच्याला काही झालं नाही, तो हसतच होता. पण ते वाक्य ऐकलं आणि बाबा आठवले. मग दिवसभर डोक्यातून गेलंच नाही, म्हणून हा धागा.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलेलं. काठी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी सपाटीवर फेऱ्या मारायचे. तिथे एक कुत्रा मोकळा सोडलेला असायचा. तरुण, उमदा, अगदी प्रेमळ. तो आनंदाने धावत आला आणि बाबांच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले. चावला नाही, गुरगुरलाही नाही. बाबा मागच्या मागे पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हाही मालक हेच म्हणत होते, काही करत नाही हो तो. पुन्हा ऑपरेशन, मग वॉकर. घरात चालायला लागले, पण बाहेर फिरायला परत गेले नाहीत. सकाळचा तो कट्टा, ते मित्र, सगळं तिथेच तुटलं.

माझा कुत्र्यांवर राग नाही. साताऱ्याच्या घरी आमचा मोत्या होता, माझ्या पायाशी झोपायचा. पण माझं ठाम मत झालंय की सार्वजनिक बागेत पट्टा हवाच, कुत्रा कितीही गुणी असला तरी. समोरच्याचे गुडघे कसे आहेत, त्याला लहानपणी काय झालंय, हे कुत्र्यालाही कळत नाही आणि मालकालाही.

दोन्ही बाजूंचे अनुभव लिहा. ज्यांच्याकडे कुत्रे आहेत त्यांनी तर नक्की लिहा.

फोडणी:
बाबांचं वाचून फार वाईट वाटलं गं. माझ्या सासूबाईंचंही खुब्याचंच, त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

चिंगीची_आई:
मी कुत्रेवाली, आणि मलाही पट्टा हवाच आहे. आमची चिंगी रस्त्यावरून आणलेली, इंडी, म्हणजे आपली देशी. मुळात भित्री. ती पट्ट्यात असते आणि समोरून सुटा कुत्रा धावत येतो, तेव्हा तिला पळून जायची सोयच नसते. मग ती काय करणार? अंगावर जाते. आणि बघणारे म्हणतात, तुमचीच कुत्री चावरी आहे.
गेल्या पावसाळ्यात एका मोकळ्या हस्कीने तिचा कान फाडला. टाके पडले. मालकीणबाई शेवटपर्यंत "खेळतायत, खेळतायत" म्हणत होत्या. खेळणारी कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतात, आळीपाळीने एकमेकांना पकडू देतात. एक कुत्रं शेपूट पोटाखाली घालून बाकाखाली शिरत असेल तर ते खेळणं नाही. एवढं तरी कुत्रं पाळणाऱ्याला कळायला हवं.

पिंपळपान:
चिंगीचा कान बरा झाला का? फोटो टाका ना.

चिंगीची_आई:
झाला. एक खाच राहिलीय, त्यावरूनच लांबून ओळखता येते आता. फोटो रात्री टाकते, आत्ता लोकलमध्ये आहे.

संत्रानगरी:
आमच्याकडे नागपुरात पट्टेवाल्यांचा त्रास कमीच आहे बाप्पा, मोकाट कुत्र्यांचा जास्त. पहाटे फुटाळा तलावाकडे फिरायला जातो तर चार-पाच जण मिळूनच जावं लागते. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये आधी सांगितलं की दिल्लीतली सगळी कुत्री उचला, मग 22 तारखेला बदललं की नसबंदी आणि लस करून जिथून आणली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन यांचं वेगळं सांगितलं. आता इकडे कोण काय करून राहिलं, ते काही समजत नाही.

अबोली:
संत्रानगरी, तो विषय मोठा आहे आणि त्यावर भांडणं फार होतात. इथे पाळीव कुत्र्यांपुरतंच ठेवू या का? मोकाटांवर वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.

संत्रानगरी:
बरोबर आहे ताई. काढतो.

गच्चीवरची_तुळस:
मला कुत्र्यांची प्रचंड भीती वाटते. लहानपणी गावात पोटरीला चावला होता. तेव्हा पोटात 14 इंजेक्शनं देत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज एसटीने जायचं, आई मला मांडीवर घट्ट धरून बसायची. बेंबीभोवती सुजून टणक गाठी यायच्या. रात्री कुशीवर झोपता यायचं नाही.
लोक म्हणतात, एवढं काय घाबरायचं. मी ठरवून घाबरत नाही हो. मोकळं कुत्रं दिसलं की पाय जागचे हलतच नाहीत. पट्टा दिसला की मी आपली लांबून वळसा घालून जाते. मला तेवढंच पुरतं. कोणी कुत्रा पाळू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही.

फोडणी:
तुळस, मिठी. ती पोटातली इंजेक्शनं बंद झाली ना आता?

गुरांचा_डॉक्टर:
हो, ती जुनी लस आपल्याकडे 2005 च्या सुमारास पूर्ण बंद झाली. आता दंडात देतात. स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14, 28 या दिवशी, कातडीत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 28. 0 म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिद्रव्यं) लागतं. ते टाळू नका.
पण सगळ्यात आधी नळाखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काहीही भरायचं नाही. पाळलेला आहे, लस झालीय, असं मालक म्हणाला तरी दवाखान्यात जायचं. रेबीज एकदा झाला की उपचार जवळजवळ नाहीतच.

बाकी विषयावर: मी पशुवैद्य आहे, जनावरांबरोबर कुत्रीही बघतो. माझ्याकडे मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांच्या केसेस फार येतात. झुडपात टाकलेलं उंदराचं औषध खाल्लेली, रिक्षाखाली आलेली, नागाने चावलेली, दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेली. पट्टा माणसांसाठी आहे तसा कुत्र्याच्या जिवासाठीही आहे. हाक मारली की येतो म्हणतात, पण मांजर दिसल्यावरही येतो का, ते बघा.

पिंपळपान:
डॉक्टर, एक अवांतर. पावसाळ्यात गोचिड्या फार झाल्यात आमच्या राजाला. पावडर चालते का?

गुरांचा_डॉक्टर:
पावडर चाटली तर त्रास होतो. वजन करून घ्या आणि जवळच्या पशुवैद्याकडून खायची गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब घ्या. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, खाणं सोडलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडतापात उशीर महागात पडतो.

दादरकर:
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मुंबईत फ्लॅट केवढा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा बीगल, वास काढत पळणं हाच त्याचा जन्मजात धर्म. सहा फुटी पट्ट्यात त्याचं पोटभर पळणं होत नाही. मग घरात सोफा फाडतो, रात्री रडतो, खालचे तक्रार करतात. पहाटे मैदान रिकामं असतं तेव्हा मी त्याला अर्धा तास सोडत असे. एका वॉचमनने काठी उगारली, तेव्हापासून सोडणं बंद. कुत्रा तेव्हापासून जाड झालाय.
नियम करा, माझी ना नाही. पण पळायची जागा द्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ठरलेल्या भागांत सकाळी 6 ते 9 आणि रात्री 9 ते 1 कुत्रे मोकळे सोडता येतात, बाकी वेळ पट्टा. ज्यांना भीती वाटते ते त्या वेळेत तिकडे जात नाहीत. हे आपल्याकडे का होऊ नये? एका कोपऱ्याला जाळी मारायला किती खर्च येतो?

अबोली:
दादरकर, हे पटलं. जाळीची जागा मागायला मी तुमच्याबरोबर सही करीन. माझं म्हणणं सगळ्यांच्या बागेबद्दल आहे.

चिंगीची_आई:
+1. फक्त त्या जाळीला दोन दारं हवीत, एकामागे एक. एकच दार असलं की कोणी आत येताना दुसऱ्याचं बाहेर सटकतं.

हानोव्हरची_सून:
इकडे जर्मनीत आमच्या राज्यात 1 एप्रिल ते 15 जुलै जंगलात आणि मोकळ्या रानात पट्टा सक्तीचा, कारण पक्ष्यांची अंडी आणि हरणांची पिल्लं जमिनीवर असतात. शहरातच आयलेनरीड नावाचं मोठं जंगल आहे, तिथेही हेच. कुत्रा घेण्याआधी मला लेखी परीक्षा द्यावी लागली, नंतर कुत्र्यासोबत प्रत्यक्ष परीक्षा. 2013 पासून सगळ्या नव्या मालकांना आहे. शिवाय कुत्र्याच्या कानाजवळ चिप, त्याने कोणाचं नुकसान केलं तर भरपाईचा विमा आणि वर कर.
सुरुवातीला वाटलं, केवढा हा जाच! पण प्रत्यक्ष परीक्षेत परीक्षक आमच्यासोबत चालत्या बाजारात आला. सायकली, ढकलगाड्या, एक आजोबा कुबडी घेऊन. कुत्रा काय करतो त्यापेक्षा जास्त तो माझ्याकडे बघत होता. मी समोरच्याला वाट देते का, पट्टा वेळेवर आखडता घेते का. ते खूप शिकवून गेलं.

फोडणी:
कर कुत्र्याचा?? किती?

हानोव्हरची_सून:
गावागणिक वेगळा. दुसरा कुत्रा घेतला तर सहसा त्याचा जास्त.

टिटवी:
वर पक्ष्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितेच. पुण्याच्या टेकड्यांवर टिटव्या, तित्तिर, लावे, मोर, सगळे जमिनीवर अंडी घालतात. टिटवी घरटंसुद्धा बांधत नाही. खड्यांमध्ये जरासा खळगा, त्यात तीन-चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. मी यंदा उन्हाळ्यात एक जोडी रोज लांबून बघत होते. दुपारी उन्हात मादी अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. पोटाची पिसं ओली करून यायची, अंडी गार ठेवायला. एके सकाळी दोन मोकळे कुत्रे नुसते हुंदडत तिथून गेले. त्यांना अंडी खायची नव्हती, दिसलीही नसतील. जोडी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर एकच अंडं शाबूत.
टेकडीवर चढताना पट्टा सोडायची पद्धतच पडलीय. "इथे कोण आहे?" म्हणतात. इथे आहेत ना हे.

गच्चीवरची_तुळस:
पोट भिजवून येते? हे माहीतच नव्हतं. किती ते कष्ट.

पिंपळपान:
आमच्या मामांच्या गावी, लातूरकडे, कारवानी कुत्रे आहेत. उंच, सडपातळ, ससाण्यासारखे सुटतात. मामा शेतात मोकळे सोडतात, पण बाजाराच्या दिवशी गावात आणताना दोरी. मामा काही शिकलेले नाहीत, पण हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

काळा_कोट:
कायद्याचं थोडक्यात. स्वतःच्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै 2024 च्या आधी हेच भादंवि 289 मध्ये होतं, तेव्हा दंड फक्त एक हजार. दुसरी बाजूही ऐका. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र सामाईक जागेत पट्टा लावा, घाण उचला, हे त्यातही मालकांना सांगितलेलं आहे. आणि महापालिकेचा परवाना काढा, रेबीजची लस झाल्याशिवाय तो मिळत नाही.

फोडणी:
घाण उचलण्यावर कोणी बोललंच नाही अजून. आमच्या बागेत हिरवळीवर मुलं लोळतात हो.

दादरकर:
मी पिशवी घेऊनच जातो. कागद खाली धरला तर पिशवीसुद्धा लागत नाही.

अबोली:
काळा कोट, फार उपयोगाचं लिहिलंत. रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, हे वाचून दाखवलं तर चालेल ना? आणि जाळीच्या जागेसाठी वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जाचा मसुदा कोणी करून देईल का?

काळा_कोट:
जरूर दाखवा. मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो. जागेचं क्षेत्रफळ, वेळा आणि दोन दारांचा मुद्दा घालतो. ज्यांना सही करायची आहे त्यांनी वॉर्ड कळवा.

दादरकर:
माझी पहिली सही. जी उत्तर.

पिंपळपान:
पुढच्या आठवड्यात राजासाठी नवीन पट्टा घ्यायचाय. लांबणारा घेऊ का, बटणवाला?

चिंगीची_आई:
नको नको. गर्दीत तो ऐनवेळी आखडत नाही आणि दोरी बोटांना कापते. साधा नायलॉनचा सहा फुटी घ्या, हाताला जाड पट्टी असलेला. आणि राजा ओढत असेल तर गळ्याऐवजी छातीचा बेल्ट, आत दोन बोटं सहज जातील इतकाच घट्ट. चिंगीचा फोटो टाकलाय बघा, खाचेचा कान उजवीकडचा.