गोड आवाज हवाय, मग बॅलन्स्ड ॲम्पचा हट्ट कशाला?

शहापूरकर:
जुना इंटिग्रेटेड ॲम्प (ॲम्प्लिफायर) आता काढायचाच. घरी ख्याल आणि नाट्यसंगीत वाजतं, त्यातही कुमार गंधर्व जास्त (त्यांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं, म्हणून जरा हक्कानं). डॅकला (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारा डबा) एक्सएलआर आउटपुट, म्हणजे तीन पिनांचं बॅलन्स्ड सॉकेट आहे, स्पीकर 4 ओहमचे. माझं मत ठाम आहे: ॲम्प इनपुटपासून स्पीकरच्या टर्मिनलपर्यंत पूर्ण बॅलन्स्ड हवा आणि आवाज वॉर्म हवा. केंब्रिजचा सीएक्सए81 आणि रोटेलचा आरए-1572 यादीत आहेत, दोघांनाही मागं एक्सएलआर आहे. पटत नसेल तर बोला.

निपाणीचा_कानसेन:
नाही पटत. एका दमात दोन उलट्या गोष्टी मागायलाय तुम्ही. वॉर्म आवाजातला बराचसा गोडवा सेकंड हार्मोनिकचा. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, म्हणून कानाला खुपत नाही. पूर्ण बॅलन्स्ड सर्किटमध्ये सिग्नलच्या एकमेकींच्या उलट अशा दोन प्रती चालतात आणि शेवटी त्यांची वजाबाकी होते. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की सम हार्मोनिक (दुसरा, चौथा असे) तिथंच कटतात. पैसे मोजून गोडवा काढून घेणार काय?
दुसरं, असा ॲम्प 4 ओहमच्या स्पीकरला जोडला की प्रत्येक बाजूला 2 ओहमचंच ओझं दिसतं. त्याला करंट पुरवायला तगडा पॉवर सप्लाय लागतो. आणि मागचं एक्सएलआर सॉकेट बघून आतलं सर्किट कळत नाही. कितीतरी ॲम्प आत शिरल्याबरोबर सिग्नल साधा, म्हणजे एकेरी करून घेतात.

शहापूरकर:
सॉकेटचं कबूल. पण माझ्याकडं मुख्य दुखणं घरघर आहे. 50 हर्ट्झची वीज रेक्टिफाय झाली (एसीची डीसी झाली) की 100 हर्ट्झची घरघर उरते. गवयाचा षड्ज काळी एक असेल तर मंद्र पंचम साधारण 104 हर्ट्झवर येतो. म्हणजे तानपुऱ्याखाली दिवसभर उतरलेला पंचम! आलापी सुरू झाली की सगळं लक्ष तिकडंच जातं. आरसीए केबलमध्ये (नेहमीची, एका पिनेची) सिग्नलचा परतीचा रस्ता आणि शील्ड (बाहेरची जाळी) एकच, त्यामुळं अर्थ लूपचा, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट थेट गाण्यात मिसळतो. एक्सएलआरमध्ये शील्ड वेगळी, आणि दोन्ही तारांवर सारखी आलेली घाण वजाबाकीत जाते. हे काय खोटं आहे?

खानापूर_पाऊसवाले:
शहापूरकर बरोबर बोलायलेत. आमच्याकडं पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं, जुन्या घरांचं अर्थिंग देवाच्या भरवशावर. मी एक्सएलआर लावली आणि फरक पडला. लॅबमधली गणितं लॅबमध्येच राहू द्या की.

उद्यमबाग_वाइंडर:
पाऊसवाले, फरक पडला म्हणजे काय झालं? बहुतेक घरगुती डॅक एक्सएलआरमधून साधारण 4 व्होल्ट देतात आणि आरसीएमधून 2. म्हणजे 6 डीबी जास्त. मोठं वाजलं की भरीव वाटतंच, दुकानदारांनाही हे ठाऊक असतं. आवाज जुळवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.
वॉर्मचं म्हणाल तर सगळं सेकंड हार्मोनिकवर ढकलू नका, कानसेनसाहेब. ट्यूब (व्हॉल्व्हच्या) ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, जास्त असतो. स्पीकरचा इम्पिडन्स जिथं चढतो तिथं आवाजही चढतो, आणि बेसच्या रेझोनन्सला तो बहुतेक चढतोच. खालचं अंग जाड वाटतं ते त्यामुळं. दुसऱ्या स्पीकरवर तोच ॲम्प सपाट वाजेल. आणि शहापूरकर, आवाज कडक वाटतो म्हणून वॉर्म हवा असेल, तर खोली कशी आहे? व्हिट्रिफाइड फरशी, वर स्लॅब, समोर काचेचं कपाट असलं तर आधी जाजम आणि जाड पडदे आणा. त्याचं बिल ॲम्पपेक्षा नक्की कमी येईल.

निपाणीचा_कानसेन:
आउटपुट इम्पिडन्सचं मान्य. तरीही डॅक आणि ॲम्पमध्ये हातभर अंतर असताना एक्सएलआरचा एवढा हट्ट कशाला, हे कुणी सांगितलं नाही.

शहापूरकर:
अंतर हातभरच आहे, पण लूप वीजजोडणीतून होतो, केबलच्या लांबीतून नाही. बरं, पुण्याच्या एका ओळखीच्याकडं जपानहून आलेला लक्समन कंपनीचा ॲम्प आहे, क्लास ए. तो घेऊ का?

उद्यमबाग_वाइंडर:
पाठीवरची पट्टी आधी वाचा. जपानातला माल 100 व्होल्टचा असतो. 230 वर थेट लावलात तर धूरच. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या वॅटेजपेक्षा ऐसपैस घ्या. क्लास ए गाणं बंद असतानाही वीज खातो आणि तापतो, कपाटात कोंबू नका. (खानापुरात आषाढात त्यावर कपडे वाळतील, तेवढाच फायदा.)
आणि घरघर जावी म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन मोडायला सांगितली तर ऐकू नका वो. आतला एखादा भाग लीक झाला तर पूर्ण धातूच्या केसला वीज येते. सेट-टॉप बॉक्स त्याच सिस्टिमला जोडलाय काय? असेल तर डिशची केबल काढून बघा, तिच्यातूनही अर्थ लूप होतो.

शहापूरकर:
काढली. घरघर बरीच कमी झाली, हे मान्य करतो. थोडी उरलीय, तिच्यासाठी मला बॅलन्स्डच हवा.

उद्यमबाग_वाइंडर:
ती स्पीकरमधून येतेय का ते आधी बघा. रात्री स्पीकरच्या वायरी सोडवून ॲम्प चालू करा आणि झाकणाजवळ कान न्या. तिथं गुणगुणत असेल तर ट्रान्सफॉर्मर वाजतोय, त्याला कुठलंच एक्सएलआर काही करणार नाही. ट्यूब ॲम्पवर मात्र ही परीक्षा नको, स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.