डिफेनेस्ट्रेट: पडणं नव्हे, फेकणं

'डिफेनेस्ट्रेट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी खिडकीतून पडणं असा दिला, तर तो दुरुस्त करायला हवा. हे सकर्मक क्रियापद आहे. कुणीतरी कुणाला किंवा कशाला तरी बाहेर फेकलं पाहिजे. तोल जाऊन पडलं तर साधं 'फॉल'.

लॅटिन 'डे' म्हणजे बाहेर, 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. 23 मे 1618 ला प्रागच्या किल्ल्यात बंडखोरांनी पवित्र रोमन सम्राटाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले, पण त्यातूनच युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. या घटनेवरून 'डिफेनेस्ट्रेशन' हे नाम आधी रुळलं, क्रियापद मागून आलं.

दिशा महत्त्वाची. धुळे स्टँडवर जागा धरायला एसटीच्या खिडकीतून रुमाल आत टाकतात, तिथे हा शब्द चालत नाही. चोपडा-यावल गाडीतून केळीची साल बाहेर भिरकावली तर व्याकरण बसतं, पण एवढ्याशा सालीला तो फार जड होतो. पुढे 'फ्रॉम द विंडो' जोडू नका, खिडकी शब्दातच आहे. 'फ्रॉम द सेकंड फ्लोअर' मात्र चालेल. उच्चारात जोर 'फे'वर.

बातम्यांत नेत्याला पदावरून तडकाफडकी हटवलं की हाच शब्द लाक्षणिक अर्थाने येतो. रीतसर राजीनाम्याला तो लावू नये.