मदत हवी आहे: 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे पुढे की अलीकडे?

टिफिनवाली:
नमस्कार मंडळी. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. पुण्यात पगारपत्रकांचं काम करते, क्लायंट लंडनचे. मेलमध्ये अडत नाही, कॉलवर मात्र बारक्या शब्दांपाशी गाडी अडते.

परवा बुधवारच्या मीटिंगबद्दल तिकडच्या बाई म्हणाल्या, 'लेट्स ब्रिंग इट फॉरवर्ड बाय टू डेज.' फॉरवर्ड म्हणजे पुढे, म्हणजे शुक्रवार. वहीत लिहूनही टाकलं. सोमवारी दुपारी दीडला डबा उघडला, शेपूची भाजी, भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन: सगळे जमलेत, तू कुठेयस? तोंडात घास, आकडे अर्धवट. साहेबांनी चारचौघांत ऐकवलं ते वेगळंच.

शाळेत वाक्प्रचारांच्या याद्या घोकल्या होत्या. त्यातलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आजवर एकाही क्लायंटच्या तोंडून ऐकलेलं नाही!

तर, हे पुढे-मागे लक्षात कसं ठेवायचं? 'टेबल करू' असं लंडनवालेही म्हणतात आणि अमेरिकावालेही, ते एकच का? आणि 'पुट'ला लागणारी शेपटं (ऑफ, आउट, अप विथ) पाठ करण्यावाचून इलाज नाही का?

निवृत्त टंकलेखक:
ताई, तुम्हाला इंग्रजीने नाही, मराठीने फसवलं. आपण लग्न 'पुढे ढकललं' म्हणतो तेव्हा तारीख लांबते. 'ब्रिंग'मध्ये आणणं आहे, तारीख आपल्याकडे ओढून आणायची. म्हणून ती अलीकडे येते. उलट 'पुश बॅक' केली की लांबते. 'ब्रिंग फॉरवर्ड'साठी आपल्या ऑफिसांतलं 'प्रीपोन' किती सुटसुटीत! ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, पण तिकडे बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जातं.

'मूव्ह फॉरवर्ड' मात्र त्यांनाही नडतं. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली, तर आता कधी? संशोधकांनी हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारला, तर कुणी सोमवार म्हणालं, कुणी शुक्रवार. तेव्हा लाजू नका, वार विचारून घ्या.

टेबलचं म्हणाल तर अर्थ चक्क उलटे. लंडनवाला म्हणतो, विषय चर्चेला घेऊ. अमेरिकन म्हणतो, बासनात ठेवू. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी यावरून बराच वेळ भांडले, आणि शेवटी कळलं की दोघांना तेच हवंय. चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. आपल्या विधानसभेत अहवाल 'पटलावर ठेवतात' ना, तो ब्रिटिशांचा मेज धरा.

पावशेर:
यादी नको हो. आपली 'वाट' घ्या. वाट पाहणे, वाट लावणे, वाट काढणे, कुणाच्या वाटेला जाणे. आपल्याला कुणी यादी करून शिकवली? वाक्यातून कानावर पडली. तसंच करा. मीटिंग 'पुट ऑफ' केली, म्हणजे लांबवली. त्या वासाने 'पुट मी ऑफ' झालं, म्हणजे मन उडालं. आग 'पुट आउट', म्हणजे विझवली. आणि साहेबांना रोज 'पुट अप विथ', म्हणजे सहन, करताच आहात, त्याचं उदाहरण मी काय देणार :)

एक नियम मात्र पक्का करा. 'इट' किंवा 'हिम' आलं की ते मध्ये शिरतं: 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' नव्हे. 'पुट अप विथ' मात्र फुटत नाही, तिथे 'हिम' शेवटीच.

टिफिनवाली:
काका, 'ब्रिंग म्हणजे आणणं' वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पावशेर, साहेब हा धागा वाचत नसावेत अशी आशा!

आज कॉलवर पुढच्या मीटिंगचा वार धीर करून विचारलाच, 'सो, मंडे?' बाई म्हणाल्या, 'स्पॉट ऑन.' मी हसून थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

अगदी बरोबर असंच ना? स्पॉट म्हणजे मला डागच माहीत होता.

पावशेर:
अगदी बरोबर असंच. सोमवारी डबा साडेबाराला उघडा.