अ‍ॅपॉप्टोसिस, नेक्रॉप्टोसिस आणि 'दाह': मराठीत काय लिहावं?

प्रश्न : आतड्याच्या विकारांवरचा एक लेख मराठीत करते आहे. अ‍ॅपॉप्टोसिसला 'नियोजित पेशीमृत्यू' आणि नेक्रोसिसला 'पेशीनाश' लिहिलं. नेक्रॉप्टोसिसपाशी अडले. शिवाय इन्फ्लमेशनला दाह म्हणू, सूज की शोथ?

प्रतिसाद १ : 'नियोजित पेशीमृत्यू' फक्त अ‍ॅपॉप्टोसिससाठी वापरू नका. नेक्रॉप्टोसिसही नियोजितच असतो, तिथेही ठरावीक प्रथिनं ठरावीक क्रमानेच कामाला लागतात. फरक मरण्याच्या रीतीत आहे. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये पेशी आक्रसते, तिचे आवरणात बंद असे तुकडे होतात आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. आसपास सहसा गडबड होत नाही. नेक्रॉप्टोसिसमध्ये एमएलकेएल हे प्रथिन पेशीचं आवरण फोडतं, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि प्रतिकारशक्ती खवळते.

तुमचा विषय आतडं आहे, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. कॅस्पेज-८ हे एकच प्रथिन अ‍ॅपॉप्टोसिस सुरू करतं आणि नेक्रॉप्टोसिसला आवरही घालतं. उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून ते काढून टाकलं, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दाह होतो आणि जंतूंना आवर घालणाऱ्या पॅनेथ पेशी नाहीशा होतात. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. एका मरणाची वाट बंद केली, तर पेशी दुसऱ्या वाटेने मेल्या! दोन्हींना 'नियोजित' म्हटलंत तर वाचकाला यातलं काहीच कळणार नाही. मी 'निमूट पेशीमृत्यू' आणि 'दाहजनक पेशीमृत्यू' असं लिहीन, आणि मूळ संज्ञा देवनागरीत शेजारी ठेवीन.

प्रतिसाद २ : 'निमूट' आवडला. अ‍ॅपॉप्टोसिस हा शब्द १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी रूढ केला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाची पानं गळणं. 'पेशींची आत्महत्या' मात्र कृपा करून टाळा. मरणाचा हुकूम पुष्कळदा बाहेरून येतो, मारेकरी टी-पेशी तो देतात. 'कर्करोगाच्या पेशी आत्महत्या करायचं विसरतात' हे वाक्य तर सरळ दिशाभूल करतं. फॉलिक्युलर लिंफोमात, म्हणजे लसिकापेशींच्या एका कर्करोगात, १४ आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, बीसीएल-२ हे प्रथिन अतोनात तयार होतं आणि पेशीचं मरण अडतं. यात विसरणं कुठे आलं? मरण 'अडलेलं' असतं. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं बीसीएल-२ला रोखतं. काही रक्तकर्करोगांत ते वापरतात.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि दाह?

प्रतिसाद १ : दवाखान्यात 'आतड्याला सूज आहे' असंच सांगतात आणि रुग्णाला ते कळतं. 'दाह' म्हटलं की लोकांना पोटातली आग, अ‍ॅसिडिटी आठवते. शोथ पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा कोणी बोलत नाही. पण सूज म्हणजे चार दिवसांत ओसरणारी, असाही समज असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दाह, वर्षानुवर्षं राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करतात. हे 'सूज' या शब्दात मावत नाही. पहिल्यांदा 'दाह, म्हणजे आतून येणारी सूज' असं लिहा, पुढे 'दीर्घकालीन दाह'.

प्रश्नकर्ती : लेखात पायरॉप्टोसिसही आहे. तोही दाहजनकच ना?

प्रतिसाद २ : हो. तिथे गॅसडर्मिन प्रथिनं आवरणाला भोकं पाडतात. 'दाहजनक पेशीमृत्यू' हे दोघांचं सामाईक नाव ठेवा आणि नेक्रॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस हे त्याचे प्रकार म्हणून जसेच्या तसे लिहा.