डावीकडे वळण्याची सूचना वैमानिकांनी नाकारायला हवी होती का?

प्रश्न : १६ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसहून तैपेईला निघालेल्या ईव्हीए एअरच्या बोइंग ७७७ ला हवाई वाहतूक नियंत्रकाने दक्षिणेकडे नेताना उजवीकडे वळवण्याऐवजी डावीकडे वळवले आणि विमान शहराच्या उत्तरेकडील माउंट विल्सन या डोंगराच्या दिशेने गेले. अशा वेळी वैमानिकांकडून नेमकी कोणती अपेक्षा असते?

उत्तर १ : तिथून विमाने एरवी पश्चिमेला समुद्राकडे झेपावतात; त्या रात्री उड्डाण पूर्वेकडे होते. पूर्वेकडून दक्षिणेला जायचे तर उजवे वळण जवळचे, डावे वळण मात्र उत्तरेतून, म्हणजे थेट डोंगररांगेवरून फिरून जाते. इतके लांबचे वळण ऐकताच 'डावीकडेच ना?' असे विचारायला हवे होते, असे माझे मत आहे.

उत्तर २ : मत पटते, पण रडारवरून दिशा देताना भूभागापासून सुरक्षित उंची राखण्याची जबाबदारी नियंत्रकाची असते, हे विसरू नये. शिवाय चूक लक्षात आल्यावर लगेच उजवीकडे वळायला सांगितले गेले, तेव्हा एवढे जड विमान डावीकडे कलत होते. ते सरळ करून उलट फिरवण्यात मोलाचे सेकंद जातात.

प्रश्नकर्ता : धन्यवाद. म्हणजे उड्डाणापूर्वीच नकाशावर उंच भूभागाची बाजू पाहून ठेवणे हाच खरा आधार.